घरी भजन रेकॉर्ड करायचंय: मॅक, विंडोज की लिनक्स?

मिरजेची पेटी लिहिते:

नमस्कार मंडळी,

मी मिरजेत राहते, शाळेत शिकवते, घरी पेटी वाजवते. प्रश्न कॉम्प्युटरचा आहे, पण आधी कशासाठी ते सांगते.

बाबा 71 वर्षांचे आहेत. चाळीसेक वर्षं दर गुरुवारी भजनाला गातात. साठ-सत्तर अभंग त्यांना चालींसकट पाठ आहेत आणि त्यातल्या बऱ्याच चाली त्यांच्या गुरुजींकडून आलेल्या. त्या मी दुसरीकडे कुठे ऐकलेल्या नाहीत, कोणी लिहूनही ठेवलेल्या नाहीत. त्यांची पट्टी काळी एक होती, गेल्या वर्षी पांढरी एकवर आलेत. दिवाळीनंतर तिसऱ्याच अभंगाला धाप लागायला लागली. तेव्हा मनाशी ठरवलं की या वर्षात सगळं नीट रेकॉर्ड करायचं. मोबाइलवर करून पाहिलं. टाळ सुरू झाले की आवाज फाटतो, आणि बाबा खालच्या पंचमावर गेले की तिथे काही उरतच नाही.

माझ्याकडे दोन माइक लावता येतील असं साउंड कार्ड आहे. एक कंडेन्सर माइक बाबांना, एक साधा डायनॅमिक माइक पखवाजाला. शेजारचे काका पखवाज वाजवतात. रेकॉर्डिंगसाठी रीपर नावाचं सॉफ्टवेअर वापरते. लॅपटॉप 2016 चा, सहाव्या पिढीचा आय-थ्री, 8 जीबी रॅम, एसएसडी नंतर बसवलेली, विंडोज 10.

त्रास दोन. दर दहा-पंधरा सेकंदांनी आवाजात ‘तट्’ असं काहीतरी वाजतं आणि ते रेकॉर्डही होतं. आणि हेडफोनमध्ये सतत बारीक घूं ऐकू येते.

आता सल्ले. पुण्याचा भाचा म्हणतो, मावशी, मॅक मिनी घे, डोक्याला ताप नको. शाळेतल्या मॅडमचे भाऊ सांगलीत कॉम्प्युटर जोडून देतात. ते म्हणतात तेवढ्याच पैशात दुप्पट ताकदीचं विंडोज मशीन होईल. आणि माझा एक जुना विद्यार्थी म्हणतो, काहीच घेऊ नका बाई, आहे त्याच लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स टाका. बजेट सगळं मिळून 80 हजार. पुढे मला शाळेसाठी बालगीतांच्या चाली करायच्या आहेत, म्हणजे कीबोर्ड जोडून सॉफ्टवेअरमधली वाद्यंही वाजवणार.

तिघेही मनापासून सांगतायत आणि तिघांचंही पटतंय, म्हणून अडले आहे.


लॉजिकवाला लिहितो:

ताई, भाच्याचं ऐका. साउंड कार्डाची वायर लावली की मॅकवर आवाज येतो, बहुतेक कार्डांना वेगळा ड्रायव्हर (कार्ड आणि कॉम्प्युटर जोडून देणारं छोटं सॉफ्टवेअर) लागतच नाही. ॲपलचं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर गॅरेजबँड फुकट आहे, पुढे हवं तर त्याचा विकतचा मोठा भाऊ लॉजिक. शिवाय तुम्ही शिक्षिका आहात. एम-फोर चिपचा मॅक मिनी 2024 च्या अखेरीस आला तेव्हा 59,900 ला होता आणि शिक्षक-विद्यार्थ्यांच्या सवलतीत 49,900 ला. घेण्याआधी ही सवलत नक्की विचारा.


डोंबिवलीचा तानपुरा लिहितो:

ताई, उत्तर लांबणार आहे. तुमच्या प्रश्नातल्या बाबांमुळे लांबणार आहे.

मी डोंबिवलीत 10 बाय 11 च्या खोलीत रेकॉर्डिंग करतो, 2009 पासून. भजनं, भावगीतं, कीर्तनं, मुलांच्या परीक्षांचे तबला-सोलो, सगळं. पहिली बारा वर्षं विंडोजवर काढली, 2021 पासून मॅकवर आहे, आणि जुनं विंडोज मशीन अजून टेबलाखाली चालू स्थितीत आहे. त्यामुळे कुठल्याही एका बाजूचा झेंडा माझ्या हातात नाही.

2014 ची गोष्ट आहे. सातारा जिल्ह्यात आत्याकडे गेलो होतो, जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करायला. आत्याला दीडशेच्या वर ओव्या येत. पहाटे पाचला ती जात्याशी बसली, पदर खोचला, पहिली मूठ घातली. आणि माझा लॅपटॉप साउंड कार्ड ओळखेना. आदल्या आठवड्यात काहीतरी अपडेट झालं होतं आणि ड्रायव्हर बसत नव्हता. मी तो काढून परत टाकतोय, मशीन बंद-चालू करतोय, आणि आत्या दळत म्हणतेय. पावणेदोन तास गेले. कार्ड चालू झालं तेव्हा जोंधळे संपले होते. दुपारी तिने माझ्यासाठी पुन्हा ओव्या म्हटल्या, खुर्चीत बसून, जात्याशिवाय. त्या माझ्याकडे आहेत, अगदी स्वच्छ रेकॉर्ड झालेल्या. पण हात फिरत नसल्यामुळे त्यांत लय नाही, दोन ओळींमधला दम नाही. जात्यावरच्या ओव्या माझ्याकडे नाहीत.

तेव्हापासून माझी मशीनची कसोटी एकच आहे. गाणारं माणूस बसलं की दोन मिनिटांत लाल बटण दाबता आलं पाहिजे. प्रोसेसर किती ताकदीचा, कुठल्या कंपनीचा, हे त्यानंतर.

या कसोटीवर तुमच्या प्रश्नाचे दोन प्रश्न होतात. बाबांचं रेकॉर्डिंग कशावर, आणि तुमच्या बालगीतांचं काम कशावर. ही उत्तरं वेगवेगळी आहेत आणि पहिल्याला थांबायला वेळ नाही.

आधी ते ‘तट्’. दोन माइकचे दोन ट्रॅक रेकॉर्ड करायला आय-थ्री आणि 8 जीबी भरपूर आहे. हे काम पंधरा-वीस वर्षांपूर्वीची मशीनं करत होती. तट् वाजतं कारण साउंड कार्डाला दर काही मिलिसेकंदांनी प्रोसेसरकडून आवाजाचा पुढचा घास हवा असतो, आणि दुसरंच कोणतं तरी उपकरण मध्ये प्रोसेसर अडवून बसतं. घास वेळेवर पोचला नाही की तिथे खड्डा, आणि तो खड्डा म्हणजे तुमचं तट्. अडवणारं बहुतेक वेळा वायफायचं कार्ड निघतं, कधी ग्राफिक्सचं, कधी बॅटरीवर लक्ष ठेवणारं. लेटन्सीमॉन नावाचं सॉफ्टवेअर आहे, घरगुती वापराला फुकट. ते दहा मिनिटं चालू ठेवा, कुठला ड्रायव्हर किती वेळ अडवतो ते नावासकट दाखवतं. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन वायफाय बंद करा (नुसतं नेट तोडून चालत नाही, तिथूनच ‘डिसेबल’ करा), ब्लूटूथ बंद करा, पॉवरच्या सेटिंगमध्ये ‘हाय परफॉर्मन्स’ निवडा. रीपरमध्ये साउंड कार्डाच्या कंपनीचा स्वतःचा ॲसिओ ड्रायव्हर (विंडोजमध्ये आवाज कमी उशिराने पोचवणारा) निवडलेला आहे ना ते बघा. सगळ्यांना चालणारा फुकटचा ॲसिओफोरऑल टाकला असेल आणि कंपनीचा मिळत असेल, तर कंपनीचाच वापरा.

बफर, म्हणजे एका घासात किती नमुने जातात तो आकडा, 256 वर ठेवा. याचा अर्थ सांगतो, कारण इथेच सगळे मॅक-विंडोजच्या भांडणात शिरतात. सेकंदाला 48,000 नमुने घेत असाल तर 256 चा बफर म्हणजे 5.3 मिलिसेकंद, 512 चा 10.7, 128 चा 2.7. हा वेळ आत येताना लागतो, बाहेर जाताना पुन्हा लागतो, वर कार्डाचा स्वतःचा थोडा. आता आवाज हवेतून एका मिलिसेकंदात साधारण 34 सेंटिमीटर जातो. म्हणजे भजनात टाळकरी बाबांपासून पाच मीटरवर उभा असेल तर त्याचा टाळ त्यांना सुमारे 15 मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो, आणि बाबा चाळीस वर्षं त्यावर गातायत. त्यामुळे पाच-दहा मिलिसेकंदांनी हबकून जायचं कारण नाही. फक्त स्वतःचाच आवाज कानात उशिरा आला की माणूस बावचळतो. त्यावर इलाज तुमच्या कार्डावरच असणार, ‘डायरेक्ट मॉनिटर’ नावाचं बटण. ते दाबलं की माइकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये न जाता सरळ हेडफोनमध्ये येतो. उशीर जवळजवळ शून्य, मग मशीन कुठलंही असो. माणूस गातोय आणि आपण टिपतोय, या कामात लेटन्सीचा, म्हणजे या उशिराचा, प्रश्न उरतच नाही. तो उभा राहील तुमच्या बालगीतांच्या वेळी, जेव्हा कीबोर्डची पट्टी दाबल्यावर सॉफ्टवेअरमधली बासरी वाजायची असेल.

आता घूं. ही मला जास्त महत्त्वाची वाटते. एक करून बघा: घूं ऐकू येत असताना लॅपटॉपच्या चार्जरची पिन काढा. घूं थांबली तर दोष चार्जरकडून येणाऱ्या विजेचा आणि अर्थिंगचा आहे. नवा मॅक आणून त्याच बोर्डात लावलात तरी ती परत येऊ शकते. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, आणि घूंमध्ये 50 बरोबर 100, 150 असे तिचे पटीतले सूरही असतात. बाबा हल्ली पांढरी एकमधून गातात ना? त्या पट्टीत पुरुषाचा सा साधारण 131 हर्ट्झवर येतो. त्याचा खालचा पंचम म्हणजे 98. घूंचा 100 चा सूर बरोबर त्याच्या शेजारी बसलाय, दोन हर्ट्झ वर. बाबांनी खालचा पंचम लावला की सेकंदाला दोनदा लाट आल्यासारखा तो हलताना दिसेल, आणि तानपुऱ्याची पहिली तार पंचमाची असेल तर तीही. नंतर फिल्टर लावून 100 काढायला गेलात तर 98 ही जाईल. काळी एकमध्ये पंचम 104 ला होता, तेव्हा निदान थोडं अंतर होतं. हे मी कागदावर मांडून तीनदा तपासलं, कारण तुम्ही खालच्या पंचमाचंच लिहिलंय.

तेव्हा रेकॉर्डिंग बॅटरीवर करा. आणि वायरमनला बोलवून त्या बोर्डाचं अर्थिंग तपासून घ्या. कोणी सांगितलं की तिसरी पिन काढून टाका, घूं जाते, तर अजिबात ऐकू नका. ती पिन जिवासाठी असते.

म्हणजे बाबांसाठी आहे तोच लॅपटॉप. विंडोज 10 ची सुरक्षेची नेहमीची अपडेटं 14 ऑक्टोबर 2025 ला संपली आणि सहाव्या पिढीच्या आय-थ्रीला विंडोज 11 अधिकृतपणे चालत नाही, हे खरं. पण तो नेटला जोडायचाच नाही असं ठरवलंत, तर त्याचं उत्तम टेपरेकॉर्डर होतं. तो काही मागणार नाही, मध्येच अपडेट होणार नाही. फाइल पेन ड्राइव्हने बाहेर काढायच्या.

आणि बालगीतांसाठी मी मॅक मिनीकडे झुकेन. भाच्याच्या कारणासाठी नाही, माझी कारणं वेगळी आहेत. पहिलं, आवाज. आमच्या खोलीत पंखा बंद केल्यावर सगळ्यात मोठा आवाज विंडोज डेस्कटॉपच्या पंख्याचा होता. माइक आणि मशीन एकाच खोलीत असेल तर हे फार छळतं. मिनी जवळजवळ गप्प असतो. दुसरं, मॅकमध्ये आवाज हाताळणारी कोअर ऑडिओ ही यंत्रणा मुळातच बसवलेली आहे, त्यामुळे कार्डाच्या ड्रायव्हरची भानगड कमी. आणि सातारची ती पहाट मला पुन्हा नको आहे. तिसरं, लॉजिक. ते 2002 मध्ये ॲपलने विकत घेतलं तेव्हापासून विंडोजवर मिळत नाही, 199.99 डॉलर, एकदाच. त्यात सॉफ्टवेअरच्या वाद्यांचा सूर अख्ख्या गाण्यासाठी वर-खाली सरकवता येतो. तुमची पेटी 440 हर्ट्झला, म्हणजे सॉफ्टवेअरच्या नेहमीच्या सुराला, लावलेली आहे का ते बघा. माझी जुनी पेटी 442 च्या आसपास आहे, म्हणजे जवळपास 8 सेंट वर (शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर 100 सेंट). नुसती ऐकताना कळत नाही, पण सॉफ्टवेअरची बासरी तिच्या शेजारी ठेवली की दोन्ही बेसूर वाटतात.

मिनीच्या अडचणीही ऐका. रॅम नंतर वाढवता येत नाही. 2024 च्या सुरुवातीच्या मॉडेलात 16 जीबी आहे, तुमच्या कामाला पुरेल. साठवण 256 जीबी, आणि लॉजिकची सगळी वाद्यं उतरवली तर साठ-सत्तर जीबी तीच खातात; ती बाहेरच्या एसएसडीवर ठेवता येतात, ठेवाच. जुन्या चौकोनी यूएसबीची जागाच नाही, कार्डासाठी केबल बदलावी लागेल. बॅटरी नाही, म्हणजे यूपीएस लागणार. स्क्रीन, कीबोर्ड, माउस वेगळे. हे सगळं धरलं तरी 80 हजारांत बसेल असं वाटतं, लॉजिक जरा ताणून. आणि दर सप्टेंबर-ऑक्टोबरात मॅकची नवी आवृत्ती येते ती लगेच टाकायची नाही. प्लगइनवाले (लॉजिकसारख्या सॉफ्टवेअरला जोडायची वाद्यं आणि इफेक्ट बनवणारे) आपलं सॉफ्टवेअर तपासून होकार देईपर्यंत थांबायचं. चालू काम असताना तर कधीच नाही.


जोडणी-दुरुस्ती, सांगली लिहितो:

मॅडमचा भाऊ मी नव्हे, पण धंदा तोच. तानपुरावाल्या दादांचं बरंचसं पटलं. एका गोष्टीची भर घालतो. मशीन संध्याकाळी बंद पडलं आणि दुसऱ्या दिवशी काम असलं, तर विंडोज डेस्कटॉपचा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा), रॅम, एसएसडी गावातल्या गावात तासाभरात बदलून मिळते. मिनीची दुरुस्ती इतकी हाताशी नसते. पंख्याच्या आवाजाचं म्हणाल तर मोठा, सावकाश फिरणारा पंखा आणि बरा कुलर घेतला की डेस्कटॉपही शांत होतो, तीन-चार हजार जास्त जातात एवढंच. गिऱ्हाइकं नेमके तिथेच पैसे वाचवतात. ताई डेस्कटॉप घेणार असतील तर ग्राफिक्स कार्ड घेऊ नका. संगीताला त्याचा उपयोग नाही आणि पंखा मात्र एक वाढतो.


औंधचा उबंटू लिहितो:

विद्यार्थ्याच्या बाजूने बोलायला कोणीतरी हवं म्हणून लिहितो. मी सात वर्षं लिनक्सवरच रेकॉर्डिंग करतोय. रीपर लिनक्सवर चालतं, त्यामुळे तुमच्या आत्ताच्या फाइल तशाच उघडतील. आर्डर नावाचं पूर्ण ताकदीचं सॉफ्टवेअर आहे. ज्यांनी ते सुरू केलं त्या पॉल डेव्हिस यांनीच जॅक लिहिलं, म्हणजे सॉफ्टवेअर आणि साउंड कार्ड यांच्यात आवाज फिरवणारी यंत्रणा, ज्यावर लिनक्सच्या ऑडिओवाल्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. आता पाइपवायर ही त्याच कामाची नवी यंत्रणा आल्यापासून जुळवाजुळव पुष्कळ सोपी झालीय. यूएसबीचा ठरलेला नियम पाळणारी साउंड कार्डं लावली की चालतात. उबंटू स्टुडिओ (अशा कामासाठी तयार केलेलं लिनक्स) पेन ड्राइव्हवर घ्या, लॅपटॉपमध्ये काहीही न पुसता त्यावरून चालू करून बघा. कार्ड दिसतं का, घूं-तट् कमी होतं का, एका संध्याकाळीत कळेल.

पण दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगतो. विकत मिळणारी बरीचशी सॉफ्टवेअर वाद्यं फक्त विंडोज आणि मॅकसाठी असतात. आपल्याकडच्या वाद्यांची स्वरप्लगसारखी संचं पाहिलीत तर तेच दिसेल. आडवाटेने काही चालवता येतात, पण ज्याला त्या आडवाटेची आवड आहे त्यानेच जावं. आणि दुसरं, बाबांचं रेकॉर्डिंग पूर्ण होईपर्यंत लॅपटॉपला हात लावू नका. विद्यार्थ्याला म्हणावं, नंतर ये. तो आनंदाने येईल, आम्ही लोक येतोच.


मिरजेची पेटी लिहिते:

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवडे झाले, काय झालं ते लिहिते.

लेटन्सीमॉन लावलं. चौथ्या मिनिटाला लाल पट्टी आली आणि त्यात वायफायचाच ड्रायव्हर. डिव्हाइस मॅनेजरमधून बंद केला. तट् गेलं. अर्धा तास नुसता तानपुरा रेकॉर्ड करून पूर्ण ऐकला, एकदाही नाही. दोन वर्षं मी याला लॅपटॉपचं म्हातारपण समजत होते.

मग चार्जर काढला. घूं जागच्या जागी थांबली. बाबा शेजारी बसले होते, म्हणाले, “पंखा बंद केलास का गं?” पंखा आधीच बंद होता. वायरमन आला, त्याने बोर्ड उघडला तर अर्थिंगची हिरवी वायर तिसऱ्या पिनला जोडलेलीच नव्हती, भिंतीत तशीच गुंडाळून ठेवलेली. घराचं वायरिंग झाल्यापासून ती तशीच असणार. जोडल्यावर चार्जर लावूनही घूं जवळजवळ नाही, पण रेकॉर्डिंग मी बॅटरीवरच करते. बॅटरी पन्नास मिनिटं टिकते. त्यात चार-पाच अभंग होतात आणि तोवर बाबाही दमतात.

पहिल्या दिवशी एक अडचण आली. डायरेक्ट मॉनिटरवर बाबांना स्वतःचा आवाज कोरडा ऐकू आला आणि ते गाईनात. “देवळात असा येत नाही,” म्हणाले. शेवटी हेडफोनचा डावा कान उघडा ठेवला, उजव्यात फक्त तानपुरा दिला, आणि मधल्या खोलीतून उठून पुढच्या खोलीत आलो, जिथे फरशी आहे आणि छत उंच आहे. तिथे त्यांचा आवाज खोलीतच थोडा फिरतो. मग गायले. दोन गुरुवारांत नऊ अभंग झाले. खालचा पंचम आलाय. मी तेवढाच तुकडा परत परत ऐकते.

मिनी शाळेच्या सुट्टीत घेईन. सांगलीच्या दादांचं ऐकून आधी विचारून आले की बिघडला तर कुठे न्यायचा; उत्तर मिळालं, पण लांबचं. तरी घेणार, कारण हे नऊ अभंग ज्या शांततेत झाले ती शांतता मला पुढेही हवी आहे.

दोन शंका आहेत. भाचा म्हणतो क्लिकवर, म्हणजे कानात ठरलेल्या लयीची टिकटिक लावून, रेकॉर्ड करायला हवं होतं, नंतर त्यात काही भरायचं म्हटलं तर जमणार नाही. बाबांचा अभंग सावकाश सुरू होतो आणि शेवटच्या गजराला दुप्पट लयीत जातो, क्लिकवर तो कसा बसायचा? आणि या सगळ्या फाइल नीट जपायच्या कशा?


डोंबिवलीचा तानपुरा लिहितो:

ताई, वाचून फार बरं वाटलं. ती हिरवी वायर तर मी कधी विसरणार नाही.

क्लिक अजिबात नको. भजनाची लय पखवाजवाल्याच्या हातात आणि बाबांच्या श्वासात असते. ती वाढते तेव्हा ती कशी वाढते हेच तुम्ही जपताय. पुढे कधी बासरी भरावीशी वाटली तर गाण्याला ग्रिडवर (सॉफ्टवेअरमधल्या मात्रांच्या रेघांवर) बसवायचं नाही, ग्रिड गाण्याच्या मागे न्यायची. लॉजिकमध्ये 2018 पासून स्मार्ट टेम्पो आहे, ते वाजवलेलं ऐकून त्यावरून लयीचा नकाशा काढतं. पखवाजाचा ट्रॅक वेगळा आहे, त्यामुळे ते बऱ्यापैकी जमेल. भजनी ठेक्यात काही ठिकाणी ते लय दुप्पट किंवा निम्मी धरेल, तिथे हाताने दुरुस्त करायचं. रीपरमध्ये हेच सगळं हाताने, समेसमेवर खूण करत. वेळ लागतो, पण तुम्हाला सम कुठे आहे हे माहीत आहे, सॉफ्टवेअरला नाही.

जपण्याबद्दल. 24 बिट, 48 किलोहर्ट्झ, वेव्ह फाइल. एका माइकला मिनिटाला साधारण 8.6 एमबी, दोन माइकचा तास म्हणजे 1 जीबीच्या जरा वर. सत्तर अभंग आठ-आठ मिनिटांचे धरले तरी दहा जीबीच्या आत सगळं बसतं. इतकं छोटं आहे, तेव्हा तीन प्रती करायला मागेपुढे बघू नका: एक लॅपटॉपमध्ये, एक बाहेरच्या ड्राइव्हवर कपाटात, एक पुण्याला भाच्याकडे. घर वेगळं हवं, हे महत्त्वाचं. एमपीथ्री नातेवाइकांना पाठवायला करा, जपायला नाही. आणि रीपरची प्रोजेक्ट फाइल जपलीत तरी प्रत्येक ट्रॅक एकाच शून्यापासून सुरू होणारी वेव्ह म्हणूनही काढून ठेवा. ती उद्या मॅकवर, विंडोजवर, मुंबईतल्या कुठल्या स्टुडिओत प्रो टूल्स या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरवर, कुठेही एकावर एक ठेवली की जुळेल.

एकच मागणं आहे. प्रत्येक अभंगाआधी बाबांना विचारा की ही चाल कोणाकडून, कुठे शिकलात, आणि ते बोलतील ते रेकॉर्ड होऊ द्या. अभंग संपला की लगेच थांबवू नका, मिनिटभर चालू ठेवा. शेवटच्या टाळानंतर मंडळी जे बोलतात त्यातच बऱ्याचदा चालीची दुरुस्ती असते, “गुरुजी इथे कोमल घ्यायचे” असली. पुढच्या गुरुवारी लाल बटण बाबा बसायच्या आधी दाबून ठेवा. बॅटरीची पाच मिनिटं जातील, जाऊ देत.